शिळा टीव्ही

दाक्षायणव्वानं केबलवाल्याला दारातनं हाकललं त्याला दीड वर्ष होऊन गेलं. भांडण कशावरनं झालं ते आता तिचं तिलाच नीट आठवत नव्हतं. बहुतेक तो चपला घालून चुलीपर्यंत आला होता. “तुझ्या चॅनलापेक्षा माझी चूल बरी, तिला दर महिन्याला हात जोडावं लागत न्हाईत,” असं काहीतरी ती बोलली होती, आणि ते बोलणं तिला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की केबल गेल्याचं दुःख झालंच नाही. म्हणजे पहिले आठ दिवस. मग दुपारी अंगावर यायला लागल्या.

सकाळचं बरं असायचं. सकाळी हाताला काम होतं. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळायचं आणि थापायला बसायचं. तिची कडक भाकरी भवानी पेठेतच काय, पार स्टेशनापर्यंत नावाजलेली. एवढी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. एवढी कोरडी की महिनाभर डब्यात राहिली तरी मोडताना कडकन् बोलावी. तव्यावरनं उतरली की एकेक भाकरी चुलीच्या कडेनं उभी करायची, धगीवर वाळू द्यायची, मग थप्पी लावायची. अकराला दुकानातला माणूस येऊन थप्प्या घेऊन जायचा. त्याच्या मागं दार लोटलं की घरात आवाज म्हणून उरायचा तो भिंतीवरच्या घड्याळाचा.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. पोरगा अमरेश पुण्यात, सून पुण्यात. रविवारी फोन यायचा.

“अव्वा, जेवलीस का?”

“न्हाई. उपाशी मरतीया. ये बघायला.”

तो हसायचा. एकदा तरी ह्याला खरं वाटावं, असं तिच्या मनात यायचं.

पोरगा अव्वा म्हणायचा, सून अव्वा म्हणायची, दुकानदार आणि अख्खी पेठ अव्वाच म्हणायची. तिला ‘अक्का’ म्हणणारी एकच होती, धाकटी जाऊ धनलक्ष्मी. आणि ती नऊ वर्षांपासून बोलत नव्हती.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी धम्मप्रिया महापालिकेत कामाला होती, जन्म-मृत्यूच्या नोंदी करायच्या खिडकीवर. एका शनिवारी जिना उतरता उतरता ती थांबली.

“अव्वा, होटगीच्या धनलक्ष्मीबाई तुमच्या कोण?”

दाक्षायणव्वाचा हात परातीत तसाच राहिला. “कुणी न्हाई. का गं?”

“सरकारी टीव्हीवर आल्या होत्या की परवा. कडक भाकरी करून दाखवली. भवानी पेठेतल्या सासरबद्दल पण बोलल्या. मला वाटलं तुमच्यातल्याच असतील.”

“आली असंल. सरकारला दुसरं कोण घावलं न्हाई वाटतं.”

“लई छान बोलल्या हो.”

“बोलायला काय लागतंय? भाकरी कशी होती ते सांग.”

“आता टीव्हीतली भाकरी मी काय चाखून बघू व्हय?” धम्मप्रिया हसत गेली.

दाक्षायणव्वानं त्या दिवशी चार भाकऱ्या करपवल्या. दुपारी ती स्वतः जिना चढली. चौदा पायऱ्या, दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत.

“ते टीव्हीवर आलेलं परत दाखवत्यात का?” तिनं दारातनंच विचारलं. “मला न्हाई बघायचं. आपलं इचारलं.”

“फोनवर हाय की अव्वा. सरकारी चॅनलचं ॲप हाय. आपला बघायचा राहिलेला कार्यक्रम त्यात मागनं बघायचा. पैसे बिसे काही न्हाईत, फुकट.”

“फुकट? मग कायतरी खोट असणार.”

“खोट कसली, सरकारी हाय ते. आपल्याच करातलं.”

“म्हंजे काल-परवाचं आज वाढायचं. शिळा टीव्ही.”

“शिळा म्हणा. पण गरम करायला लागत न्हाई.”

जबाब तिखट होता. दाक्षायणव्वाला पोरगी त्यामुळंच आवडायची. अमरेशनं दिवाळीला दिलेला फोन तिनं पदराआडनं काढून पुढं केला. धम्मप्रियानं त्यात काय काय दाबलं आणि एक चौकट उघडून दाखवली. चौकटीत धनलक्ष्मी बसली होती, हिरव्या इरकलीत, चुलीपुढं. चित्राखाली बारीक अक्षरं होती. दाक्षायणव्वा चौथी झालेली. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. आणखी २१ दिवस उपलब्ध.

“हे काय?”

“एकवीस दिवसांनी काढून टाकतात.”

“बघ की. शिळं ते शिळं, आणि टिकत बी न्हाई. त्यापरीस माझी भाकरी बरी.”

“लावू का?”

“नको. मला काय बघायचंय त्यात? तसाच ठेव फोन.”

खाली आल्यावर तिनं दार लावलं, कडी घातली, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यापुढं मांडी घालून बसली.

कार्यक्रम चोवीस मिनिटांचा. सूत्रसंचालन करणारी पोरगी मुंबईकडची दिसत होती; भाकरी ‘लाटायची’ म्हणाली तेव्हा दाक्षायणव्वा मोठ्यानं “आई गं” म्हणाली. धनलक्ष्मी सुटली होती. केस पांढरे झाले होते. हसताना पदर तोंडावर घ्यायची खोड मात्र तीच. होटगीला घरामागं मोकळी जागा दिसत होती, तिथं चूल मांडलेली, कडेला पांढरी भिंत. पीठ मळलं, गोळा घेतला, थापायला लागली. आणि सातव्या मिनिटाला त्या पोरीनं विचारलं, “काकू, एवढी पातळ भाकरी तुम्हाला कुणी शिकवली?”

दाक्षायणव्वा फोनकडं सरकली.

धनलक्ष्मी क्षणभर परातीत बघत राहिली. मग म्हणाली, “घरातच शिकले की.”

एवढंच. पुढं सासू कशी होती, भवानी पेठेतल्या घरात किती माणसं जेवायची, सगळं सांगितलं. अक्का हा शब्द चोवीस मिनिटांत एकदाही आला नाही.

“घरातच!” दाक्षायणव्वा फोनला म्हणाली. “घराच्या भिंतींनी शिकवलं तुला. लगीन होऊन आलीस तवा तुझी भाकरी तव्यावर जाईस्तवर तिचे तीन तुकडे व्हायचे. कुणी धरला तुझा हात? घरानं?”

फोनमधली धनलक्ष्मी पदर तोंडावर घेऊन हसली.

आता नऊ वर्षांमागचं सांगायला पाहिजे. अमरेशचं लग्न होतं. पंगतीला बसलेल्या व्याह्यांच्या ताटात भाकरी पडली, आणि ती जाड निघाली. व्याह्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही, नुसती भाकरी हातात वजन केल्यासारखी धरली. दाक्षायणव्वाची मान खाली गेली, आणि जीभ मात्र वर आली. भरल्या मांडवात ती म्हणाली, “धनलक्ष्मी, ही भाकरी हाय का पाटा? वरवंटा बी आणून दे म्हंजे पावणे हितंच चटणी वाटून घेतील.” मांडव हसला. व्याही हसले. धनलक्ष्मीनं हात धुतले, नवऱ्याला हाक मारली आणि पंगत उठायच्या आत निघून गेली. तिचा नवरा सिद्धराम रेल्वेत होता, होटगीला बदली मागून घेतली त्यानं. लगेच तिथंच घर बांधलं.

ह्यात एक गोष्ट अशी होती की ती दाक्षायणव्वानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी पीठ धनलक्ष्मीनं मळलंच नव्हतं. घाईत ते दाक्षायणव्वानंच मळलं होतं, आणि पाणी तापायची वाट न बघता गारच ओतलं होतं. गार पाण्याच्या पिठाची भाकरी थापायला गेलं की चिरते. मग जाडच ठेवावी लागते. धनलक्ष्मीला ते हात लावल्याबरोबर कळलं असणार. ती बोलली नाही. मांडवात नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाक्षायणव्वानं परत फोन डब्याला टेकवला. वीस दिवस. मग एकोणीस. मग अठरा.

सवयच लागली. माणूस थप्प्या घेऊन गेला की कडी, ताट वाढून घ्यायचं आणि फोनपुढं बसायचं. घरात कुणीतरी बोलायला लागायचं. चूल फुंकल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, भाकरी थापताना तळहाताचा थप थप. त्या घरात पूर्वी दोन परातींची थापणी एकदम चालायची, आणि रस्त्यावरनं जाणाऱ्याला वाटायचं आत कुणी भजनाला टाळी धरलीय. ते ऐकत ती घास घ्यायची. मध्येमध्ये सुनवायची पण.

“जाळ कमी कर. कमी कर म्हणते ना.”

“किती बोलतीस गं? पयली अशी न्हवतीस.”

“इरकल कुणी घेतली? सिद्धरामाला एवढी अक्कल कधी आली?”

आणि सातवं मिनिट जवळ आलं की हातातला घास हातातच राहायचा. त्या पोरीनं विचारायचं, कुणी शिकवलं. धनलक्ष्मीनं परातीत बघायचं. दाक्षायणव्वाला ठाऊक होतं की पुढं काय येणार. ते भरून ठेवलेलं चित्र होतं, त्यात काही बदलणार नव्हतं, एवढं तिला कळत होतं. तरी ती रोज थांबायची. कुणास ठाऊक, आज म्हणेल.

“घरातच शिकले की.”

“मर मग,” असं म्हणून ती घास तोंडात टाकायची.

एका रविवारी अमरेशचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या धाकट्या काकूचा नंबर—” आणि थांबली.

“काय म्हणालीस अव्वा?”

“काय न्हाई. लाईट गेली म्हणलं.”

“मग मेणबत्ती लाव.”

“भर दुपारी मेणबत्ती लावू? पुण्यात लावत असतील.”

दिवस उतरत गेले. नऊ. पाच. दोन. धम्मप्रियाला तिनं जाता जाता विचारलं, की समजा एखाद्याला तो कार्यक्रम आणखी थोडे दिवस ठेवून घ्यायचा असंल, तर सरकारकडं अर्ज करता येतो का?

“अर्ज? अव्वा, तुम्हाला तर बघायचाच न्हवता.”

“मी माझं म्हणतीया का? एखाद्याला म्हणलं.”

“त्या एखाद्याला सांगा, डोळे भरून बघून घ्या. एकदा गेलं की गेलं.”

शेवटच्या दिवशी चित्राखालची अक्षरं बदलली होती. आज शेवटचा दिवस. आणि नेमकं त्याच दिवशी दुकानातनं निरोप आला, लग्नाची मागणी आहे, दुप्पट भाकरी पाहिजे. दुपार झाली तरी दाक्षायणव्वा थापतच होती. आज चुकवून चालणार नव्हतं. पिठाच्या हातानंच तिनं फोन डब्याला टेकवला, तर तो घसरला आणि सरळ कोरड्या पिठात उपडा पडला. तिनं काढला, झटकला, पदरानं पुसला, फुंकर मारली. चित्र चालू होतं. आवाज बंद. बारीक भोकांत सगळं पीठ गच्च बसलं होतं.

“बोल की गं,” ती म्हणाली. धनलक्ष्मीचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. वर जाऊन धम्मप्रियाला सांगावं, तर ती कामावर. तोवर संध्याकाळ व्हायची.

मग काय करणार? ऐकायला काही नाही म्हटल्यावर दाक्षायणव्वा बघायला लागली. एवढ्या दिवसांत तिनं धनलक्ष्मीच्या तोंडाकडंच बघितलं होतं, त्यातनं एक शब्द कधी पडतो म्हणून. आज नजर हातांवर गेली. हात चांगले चालत होते. बोटं जवळ, तळवा सैल, भाकरी परातीत फिरत होती आणि फिरता फिरता वाढत होती. हे वळण तिचं होतं, दाक्षायणव्वाचं. पहिली भाकरी तव्यावर पडली, फुगली, उलटली, उतरली. धनलक्ष्मीनं ती चुलीच्या कडेला ठेवली नाही. ती उठली, डाव्या हाताच्या पांढऱ्या भिंतीपाशी गेली आणि भाकरी तिथं एकटी उभी करून आली.

दाक्षायणव्वाचा हात परातीतच थांबला.

पोरगी काहीतरी बोलत होती. ज्वारीनं साखर कशी आटोक्यात राहते त्याची ती बडबड, रोज ऐकून पाठ झालेली. बोलता बोलता तिनं भिंतीकडची भाकरी चाखायला म्हणून हात पुढं केला. धनलक्ष्मीनं तिचं मनगट हलकेच धरलं, बाजूला केलं आणि तव्यावरची दुसरी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. मग कॅमेरा चटणीकडं वळला. त्यानंतर जेव्हा जेव्हा भिंत दिसली तेव्हा ती भाकरी तिथंच होती. थप्पी लागली, पाहुणे जेवले, सगळ्यांनी हात जोडले. तिला कुणी हात लावला नव्हता.

त्यांच्या घरातला नेम होता तो, सासूनं घालून दिलेला. तव्यावरनं उतरलेली पहिली भाकरी थप्पीत जायची नाही. ती डाव्या भिंतीला वेगळी टेकवायची. ती घरातल्या थोरल्या बाईची, दुसऱ्या कुणी मोडायची नाही. सासू होती तोवर सासूची. ती गेल्यावर दाक्षायणव्वाची, आणि टेकवायची ती धनलक्ष्मीनं. ती होटगीला गेल्यापासून डाव्या भिंतीला भाकरी उभी राहिली नव्हती. स्वतःची भाकरी स्वतःच कशी वेगळी काढायची? दाक्षायणव्वा पहिली भाकरी बाकीच्यांसारखीच थप्पीत टाकत आली होती.

होटगीच्या घरात थोरली बाई कोण होती? सासू नाही, नणंद नाही. धनलक्ष्मीच थोरली. आणि तिची तिनं कशी टेकवावी?

चोवीस मिनिटं संपली. दाक्षायणव्वानं परत लावलं. मग परत. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तेव्हा तिला शुद्ध आली.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात निरोप धाडला की आज भाकरी मिळणार नाही. “आजारी का अव्वा?” माणसानं विचारलं. “मी? तुझा शेठ पडंल आजारी,” ती म्हणाली. शेंगाच्या चटणीचा डबा पिशवीत घातला, धुतलेलं लुगडं नेसली आणि होटगीच्या एसटीत बसली. फोन पिशवीत होता. वाटेत तिनं एकदा उघडून बघितला. चौकट काळी झाली होती, वर लिहिलं होतं, हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही. गाडीत सारा वेळ ती मनात वाक्य जुळवत होती. ‘मळलं मी होतं’ एवढं तीन शब्दांचं वाक्य. जिभेवर यायचं आणि तिथंच बसून राहायचं. आयुष्यभर तिला बोलायला कधी जुळवाजुळव करावी लागली नव्हती.

घर सापडलं, कारण मागची पांढरी भिंत ओळखीची झाली होती. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. “कोण पायजे?”

“हितली माणसं कुटं गेली?”

“धनलक्ष्मी व्हय? ती आन् सिद्धराम करमाळ्याला गेल्यात. लेक राजेश्वरी बाळंत झाली की. आता सव्वा महिना काय येत न्हाईत. बसा, पाणी देते. मी येसूबाई.”

दाक्षायणव्वा बसली. पाय दुखत होते म्हणून बसली. पाणी प्यायली.

“टीव्हीत आली होती की ती,” येसूबाई म्हणाली. “आमच्या आळीतली सगळी बघाय जमली होती. तुमी भाकरीसाठी आला का? लई झक्क करती. मला तर रोजची एक ठरलेली.”

“रोजची?”

“व्हय. पयली भाकरी भिंतीला लावून ठेवती. दिसभर कुणाला शिवू देत न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. दिवस मावळला की मला आणून देती. ‘आज बी अक्का आली न्हाई, तुमी खावा,’ म्हणती.” येसूबाईनं दाणा तोंडात टाकला. “कोण अक्का हाय देव जाणे. नऊ वर्सं झाली, मी तर कधी बघितली न्हाई. पर भाकरी मातूर चांगली लागती.”

दाक्षायणव्वाच्या ओठांवर आलं होतं, की माझ्या भाकरीवर नऊ वर्षं जगलीस आणि वर कोण अक्का म्हणून विचारतीस? ते तिनं गिळलं. गिळायची सवय नव्हती, म्हणून वरनं पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

“फोन लावू का तिला?” येसूबाई म्हणाली. “नातवाला सांगते.”

“नको.” करमाळ्याला, बाळंतिणीच्या खोलीत, पाळण्यापाशी वाजणाऱ्या फोनवर ते तीन शब्दांचं वाक्य कसं बोलायचं? तोंडासमोर असती तर गोष्ट वेगळी.

तिनं पिशवीतनं चटणीचा डबा काढून ओट्यावर ठेवला. “हे तिला द्या. आली म्हंजे.”

“सव्वा महिना टिकंल का?”

“माझ्या हातचं टिकतंय.” ती उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. मागं न वळताच म्हणाली, “आन् सांगा तिला. भाकरी पातळ होती म्हणावं.”

“कुठली भाकरी?”

“कळंल तिला. टीव्हीतली बी पातळ होती आन् लग्नातल्या पिठाची तिची चूक न्हवती. ते पीठ दुसऱ्यानं मळलं होतं. गार पाण्यात.”

“एवढं सगळं? ध्यानात कसं ऱ्हायचं माझ्या? आन् कोण म्हणलं म्हणून सांगू?”

नऊ वर्षांत तो शब्द धनलक्ष्मीच्या तोंडून ऐकायला मिळाला नव्हता. एकवीस दिवस फोनपुढं बसूनही नाही. आता तो तिलाच उच्चारावा लागत होता, एका परक्या ओट्यापाशी, कुलूपबंद दारापुढं.

“अक्का म्हणली म्हणावं.”

“अगं बाई! तुमीच व्हय? आवं थांबा, जेवून तर जावा—”

दाक्षायणव्वा थांबली नाही. थांब्यावर आल्यावर कळलं, एसटीला अजून तासभर होता. लिंबाच्या सावलीत ती एकटीच बसली. सवयीनं तिनं फोन काढला. जेवणाची वेळ झाली होती. काळ्या चौकटीवर बोट ठेवलं, दाबलं, परत दाबलं. मग फोन उलटा धरून, बारीक भोकांतलं पीठ लुगड्यातल्या टाचणीनं एकेक कण काढत बसली. करमाळ्याहून कधी फोन आलाच, तर ऐकू यायला पाहिजे.